वरमाईचे पाय

“हा पाय कुठं ठेवायचा?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

त्यांचा एक पाय धक्क्याच्या पायरीवर होता, दुसरा कयाकमध्ये, आणि कयाक हळूहळू पायरीपासून लांब चालली होती.

“दोन्ही एकाच ठिकाणी ठेवा,” मी म्हटलं. “कुठं ते तुम्ही ठरवा.”

त्यांनी कयाक निवडली. पुढच्या सीटवर त्या अशा बसल्या की खाडीचं पाणी माझ्या हनुवटीपर्यंत उडालं. मागच्या सीटवर मी. दोघींच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेटं, खाली नेसत्या साड्या. सकाळचे सात वाजायचे होते. कार्तिकातली बोचरी हवा होती, आणि गावात कुणी उठायच्या आत परत यायचं असं मी ठरवलं होतं.

“तुम्हाला हे येतं ना, परबबाई?”

“रोजचं आहे.”

मी त्यापूर्वी कयाकमध्ये दोनदा बसले होते. दोन्ही वेळा वल्हं माझ्या मुलीच्या हातात होतं आणि माझ्या हातात भेळ.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पासष्टची. आमची नदी समुद्राला मिळण्याआधी पसरून आळसावते, तिथं खाडीत केतकीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, सहा कयाक घेऊन धंदा मांडला होता. पाटीवर लिहिलं होतं, ‘पोहता येत नसलं तरी चालेल.’ पुण्या-कोल्हापूरची माणसं भीत भीत यायची आणि तासाभरानं फोटो काढत जायची. केतकी त्यांना पहिलं वाक्य सांगायची, “होडी उलटत नाही, माणूस उलटतो.”

तिच्यासाठी नऊ स्थळं आली. नवांनी एकच प्रश्न विचारला, लग्नानंतर होड्या कोण बघणार? दहावा रणजित मोहिते. तो कराडहून गिऱ्हाईक म्हणून आला, धक्क्यापासून चार हातांवर पाण्यात पडला, आणि वर येऊन त्यानं विचारलं, “मला नीट कधी शिकवणार?” पुढच्या तीन महिन्यांत तो सहा वेळा शिकायला आला. इतका मठ्ठ नव्हता तो. शेवटी म्हणाला, नोकरी सोडतो, इथंच येतो. केतकी त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे बघून हसत होती. तिला तशी हसताना मी आधी पाहिली नव्हती. ते हसू टिकावं, एवढंच मला हवं होतं.

याद्या करायला रणजितच्या आई आदल्या दिवशी आल्या. शकुंतला मोहिते, कराडच्या मुलींच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. मोहितेसाहेबांचे गुडघे त्यांना घाट उतरू देत नव्हते, म्हणून माय-लेकच आले. आल्या तशा मला ‘विहीणबाई’ म्हणायला लागल्या. जेवणं झाली, कागद-पेन आलं. हॉल कुणाचा, आचारी कुणाचा, मानपान कुठं थांबवायचा, सगळं भराभर ठरलं. आणि शेवटी त्या म्हणाल्या, “वरमाईचे पाय धुणं. ते तेवढं रीतसर व्हावं.”

पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. नवऱ्या मुलाची आई पाटावर बसते आणि नवरीच्या आईनं सगळ्यांसमोर तिचे पाय धुवायचे. मी म्हणणारच होते की धुते, त्यात काय. मी म्हशी धुतल्यात. पण केतकी मध्ये पडली.

“माझी आई कुणाचे पाय धुणार नाही.”

“केतकी,” मी म्हटलं.

“तू गप्प बस आई. बाकी सगळं मान्य. हे असेल तर लग्न नाही.”

शकुंतलाबाईंनी पेनाला टोपण लावलं. “मग नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या अकराला आम्ही निघतो, परबबाई.”

विहीणबाईची परबबाई झाली ती तिथं. रणजित छताच्या पंख्याकडे बघत होता. आमच्या ह्यांनी इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, “चहा टाकायचा का?”

त्या सगळ्या गोंधळात स्वयंपाकघरात साबुदाणा भिजत होता. उद्या माझा उपवास आहे, सकाळी थोडी खिचडी करा, असं शकुंतलाबाईंनी आल्या आल्या सांगून ठेवलं होतं.

पहाटे त्यांनी खिचडी खाल्ली, छान झालीय असंही म्हणाल्या, पण भिंतीला सांगावं तसं. मग उठून अंगणात गेल्या. मी बोलायला गेले तर बागेत, बागेत गेले तर ओटीवर. तेव्हा मला वाटलं, खुर्चीवरून माणूस उठून जाऊ शकतं. होडीतून कुठं जाईल?

“तुमच्या मुलानं सहा वेळा येऊन इथं काय केलं, ते बघायचंय का?” मी विचारलं. “अर्ध्या तासात परत येऊ. पाणी अगदी शांत असतं.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बघूया तरी,” त्या म्हणाल्या.

आता भरतीचं सांगते. आमच्याकडे त्याचा हिशेब तोंडी असतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचं पाऊण करायचं. तितक्या वाजता पाणी पूर्ण भरतं. पुढचे सहा तास ओहोटी. केतकीच्या शेडमध्ये भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक चिकटवलेलं होतं, पण ते वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा घरी राहिला होता. शिवाय मला गरज काय? घरात खिचडी झाली म्हणजे एकादशी. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे उपवास कुणी करत नव्हतं, पण त्या होत्या तोवर फक्त एकादशी करायच्या, त्यामुळे माझ्या डोक्यात साबुदाणा आणि एकादशी एकाच डब्यात बसलेले. अकराचं पाऊण, सव्वाआठ. म्हणजे पाणी अजून सव्वा तास चढणार. धक्क्याच्या पाच पायऱ्या उघड्या दिसत होत्या. म्हटलं, बुडतील आता. पश्चिमेला, खाडीच्या तोंडावर, परातीएवढा चंद्र लोंबकळत होता. त्याच्याकडेही मी बघितलं. एकादशीचा चंद्र परातीएवढा नसतो हे माझ्या घराण्यात शेंबड्या पोराला कळतं. पण माझं सगळं लक्ष पुढे बसलेल्या अंबाड्याकडे होतं.

“वल्हं आडवं धरा,” मी म्हटलं. “एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.”

“एक-दोन, एक-दोन,” त्यांनी लगेच मोजायला सुरुवात केली. शाळेची कवायत. “परबबाई, तुमचं दोन उशिरा येतंय.”

पण होडी चालली. खरंच चालली, आणि काय सुरेख चालली! कडेनं तिवरांची झाडं, त्यांच्या मुळांतून बगळे, पाण्याचा आवाज फक्त आमच्या वल्ह्यांचा. आम्ही इतक्या झपाट्यानं पुढे जात होतो की मला स्वतःचं कौतुक वाटलं. ते कौतुक ओहोटीचं होतं हे मागाहून कळलं.

“विहीणबाई,” मी मागून हळूच सुरुवात केली, “ते पायांचं...”

“ते काल संपलं, परबबाई. एक-दोन.”

नदी वळते तिथं मधोमध एक रेतीचा पट्टा आहे. भरतीला त्याच्यावर पुरुषभर पाणी असतं. आम्ही वळलो, खालून खर्रकन आवाज आला आणि होडी थांबली.

“का थांबलात?”

“थांबले नाही. टेकलो.”

“कशाला?”

“जमिनीला.”

“नदीत जमीन?” मुख्याध्यापिकांनी असं विचारलं, की मीच ती तिथं ठेवली असावी.

आम्ही वल्ह्यांनी ढकलून पाहिलं. मी म्हटलं, थांबा, पाणी चढतंय, पाच मिनिटांत तरंगू. पाच मिनिटांनी होडीच्या कडेचं पाणी वीतभर लांब गेलं होतं. दहा मिनिटांनी ते हातभर लांब होतं, आणि आमच्या भोवती ओला, करडा, लुकलुकणारा चिखल. त्यात खेकडे आमच्याकडे बघत उभे.

“परबबाई, पाणी चढतंय म्हणालात ना?”

“चढायला हवं.”

“मला अकराला निघायचंय. चंद्रोदयाच्या आत कराडला पोचायला हवं. रात्री पावणेनऊचा चंद्रोदय आहे, त्याआधी मोदक व्हायचेत.”

“एकादशीला चंद्रोदय कशाला बघता?”

त्या सावकाश मागे वळल्या. कयाकमध्ये मागे वळणं सोपं नसतं, पण त्या वळल्या.

“एकादशी कुठली? आज संकष्टी आहे.”

संकष्टी म्हणजे चतुर्थी. चारचं पाऊण तीन. पहाटे तीनला भरती होऊन गेली होती. पूर्ण ओहोटी नऊला, आणि आम्ही पुन्हा तरंगणार अकराच्या सुमाराला. मी त्यांना पाऊणपटीचं गणित, माझी सासू आणि साबुदाणा हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मग म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही माझ्या नाश्त्यावरून समुद्राची वेळ काढलीत.”

“हो.”

“एकवीस वर्षं गणित शिकवलं मी. असा विद्यार्थी नाही मिळाला.”

फोन दोघींचेही घरी होते. चिखलात उतरायची सोय नव्हती. आमच्या खाडीचा चिखल कुठं घोटाभर, कुठं कमरेइतका, आणि कुठं कमरेइतका आहे ते बघून कळत नाही. मग बसलो. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. चपला त्यांनी धक्क्यावर काढल्या होत्या. एव्हाना त्या माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि पाय आमच्या दोघींच्या मध्ये होते.

“एवढं काय बघताय?”

“ज्यांच्यावरून लग्न मोडलं ते बघतेय.”

“खास काही नाहीत.”

“नाहीतच,” मी म्हटलं. “अंगठ्याला कुरूप आहे.”

त्यांनी पाय आत ओढले. मग काय झालं कुणास ठाऊक, त्या एकदम बोलायला लागल्या. माझ्याशी नव्हे, वल्ह्याशी.

“चौऱ्याहत्तर साली माझं लग्न झालं. आमच्या आईनं माझ्या सासूचे पाय धुतले. चारशे माणसं होती. सासूनं पाय मागे घेतला. म्हणे पाणी गार आहे. आईनं कोमट आणलं. पुन्हा मागे घेतला, म्हणे चटका बसला. तिसऱ्यांदा म्हणाली, तांब्या चांदीचा नाही, पितळेचा आहे. कुठून तरी चांदीचा आणला. तोवर आई तशीच उकिडवी बसून होती. मी मुंडावळ्या बांधून बघत होते. तेव्हाच मनात म्हटलं, मलाही मुलगा होईल.”

“आणि झाला,” मी म्हटलं.

“झाला. आता तो नोकरी सोडून तुमच्या गावाला येणार. होड्या ओढणार. दिवाळीला चार दिवस माझ्याकडे येईल. त्याचं सुख आहे, मी नाही म्हटलं नाही. पण मला काय उरतं मग? एक तांब्या पाणी. तेही नको म्हणते तुमची मुलगी.”

“तुमच्या सासूबाई आहेत का अजून?”

“नाहीत. असत्या तर त्यांनाच धुवायला बसवलं असतं.”

“मग त्या नाहीत म्हणून मी.”

त्यांनी वल्ह्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. एक खेकडा होडीच्या कडेला चढला, त्याला त्यांनी वल्ह्यानं टिचकी मारून परत पाठवला.

आठ-साडेआठला शेवंती आली. ती ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढते, डोक्यावर टोपली, साडी गुडघ्यावर. आम्हाला बघून तिनं टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन पोटभर हसून घेतलं.

“काय ओ काकी, हय काय करतास? आणि ही कोण?”

“विहीण गो माझी.”

“लगीन ठरला?”

“ठरता हा.”

“चिखलात?” ती पुन्हा हसली. मग म्हणाली, “अकरा वाजल्याबिगर पाणी येवचा नाय. माझ्या पाठसून येवा. डावीकडे जाव नको, थंय रुतशात.”

शकुंतलाबाईंनी काष्टा मारला तो असा की मी मनात नमस्कार केला. होडी तिथंच सोडली. शेवंती पुढे, मधे त्या, मागे मी. पहिल्या चार पावलांत त्या गुडघ्याइतक्या गेल्या. पाचव्याला मी मांडीइतकी. चिखल पाय सोडताना असा आवाज करतो की प्रतिष्ठा राहत नाही. त्यांच्या पायानं केला, मग माझ्या पायानं केला, आणि दोघींना हसू आवरेना. शाळेतल्या पोरींसारख्या हसत, एकमेकींच्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्या धरून आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते.

धक्क्याच्या वरच्या पायरीशी नळ आहे. केतकी होड्या धुते तो. खाली प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचाच मग, काथ्याचा ब्रश. शकुंतलाबाई पायरीवर बसल्या, धापा टाकत. गुडघ्यापासून खाली त्यांचे पाय पायांसारखे दिसत नव्हते, भाजायच्या आधीच्या मडक्यांसारखे दिसत होते.

मी बादली भरली. त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

“हे काय करताय?”

“धुतेय. चारशे माणसं नाहीत, तांब्या चांदीचा नाही. चालत असेल तर पाय पुढे करा.”

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. शेवंती परत गेली होती. मग त्यांनी पाय पुढे केला. मी मगानं पाणी ओतलं.

“ईऽ, पाणी गार आहे!” असं म्हणून त्यांनी पाय मागे घेतला.

आणि तशाच राहिल्या. पाय अधांतरी. त्यांच्या तोंडून काय गेलं ते त्यांना माझ्याआधी ऐकू आलं असावं. मी तो मग हातात धरून बसले होते, उकिडवी. त्यांचा चेहरा बघून मला विनोद सुचेना, आणि तसं माझं फारसं होत नाही.

त्यांनी पाय खाली ठेवला. मी धुतला, मग दुसरा धुतला. बोटांमधला चिखल काढला, कुरुपाला जपून. झाल्यावर त्यांनी माझ्या हातातला मग काढून घेतला.

“उठा,” त्या म्हणाल्या. “बसा इथं.”

“माझे मी धुते.”

“विहीणबाई, बसा म्हटलं ना.”

मी बसले. मुख्याध्यापिकांनी सांगितल्यावर बसतातच.

केतकी धक्क्यावर धावत आली, मागे रणजित. होडी नाही, आया नाहीत, म्हणून दोघं गावभर फिरले होते. केतकीनं काय बघितलं, तर तिची होणारी सासू काष्टा मारून, लाइफ जॅकेटसकट उकिडवी बसलीय आणि काथ्याच्या ब्रशनं तिच्या आईच्या पोटऱ्या घासतेय, कढई घासावी तशा. माझी मुलगी कुणापुढे गप्प बसत नाही. त्या दिवशी बसली.

“ब्रश मऊ ठेव गं,” शकुंतलाबाई मान वर न करता म्हणाल्या. “आणि रणजित, घरी जाऊन तो कागद आण. एक कलम खोडायचंय.”

लग्न माघात झालं. गुरुजींना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी पाट मांडायला लावला आणि हाक दिली, “वरमाई कुठं आहेत? पाय धुवायचे आहेत.”

“झालेत,” शकुंतलाबाई खुर्चीवरून म्हणाल्या.

“कधी?”

“कार्तिकातल्या संकष्टीला.”

“कुणी धुतले?”

“आलटून पालटून.”

गुरुजींनी पाट उचलायला सांगितला.

त्यानंतर गावात ठरून गेलं की लीला परब महाहुशार. विहीण ऐकेना तेव्हा तिला बरोब्बर ओहोटीला नेऊन रेतीवर अडकवली, म्हणजे उठून जाता येऊ नये. केतकीला अजून तसंच वाटतं. जावई पाहुण्यांना ही गोष्ट सांगतो तेव्हा माझ्याकडे आदरानं बघतो. मी कधी नाही म्हटलेलं नाही. खरं काय ते आम्हा दोघी विहिणींनाच ठाऊक, आणि दुसरीनं ते कधी फोडलं नाही. तिनं फक्त एक केलं. दर संकष्टीला सकाळी सातला तिचा फोन येतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

“विहीणबाई, आज संकष्टी. एकादशी नव्हे.”

“हो का?” मी म्हणते. “मला वाटलं एकादशीच.”

बारा वर्षं हे चाललंय. एकही संकष्टी तिनं चुकवली नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी सातला फोन वाजला. आवाज जरा बारीक झालाय तिचा हल्ली. “विहीणबाई, आज संकष्टी बरं का. एकादशी नव्हे.”

मी समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं. चष्मा डोळ्यांवर होता. एकादशी होती.

“हो का?” मी म्हटलं. “बरं झालं सांगितलंत.”

आणि साबुदाणा भिजत घातला.